खुर्ची सरकू नये म्हणून

मुरूडच्या अलीकडचं आमचं गाव मी सोडलं, तेव्हा आई एसटीच्या खिडकीशी उभी राहून एकच गोष्ट बजावत होती, "खाली बसून जेव गो. उभ्यानं खाल्लेलं अंगाला लागत नाय." शेजारी नवरा, मांडीवर सुक्या बोंबलांची पिशवी. बाबा जरा लांब उभे होते. गाडी सुटली तरी त्यांनी हात केला नाही. होडी पाण्यात लोटताना बघतात तसे नुसते चाकांकडे बघत राहिले.

नवरा तळोज्याच्या एका कंपनीत होता, म्हणून नावडे कॉलनीत रूम घेतली. पहिल्या बोनसला त्यानं पनवेलहून मरून रंगाच्या चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. एकात एक घालून डोक्यावर घेऊन आला, तेव्हा अख्ख्या कॉलनीनं पाहिलं. नव्वद सालानंतर ज्याच्या त्याच्या घरात ह्याच खुर्च्या शिरत होत्या, त्यामुळे आम्हीही सुधारलो असं त्याला वाटलं. गावी गेल्यावर सांगितलं, तर आई म्हणाली, "मानसं दोन आन खुर्च्या चार. बाकीच्यांवर काय भुतं बसवायची?"

भुतं सोडून सगळं बसलं. सकाळी पाण्याच्या लाइनीत नंबर लावायला खुर्ची, पालथी घातली की तिच्या पायांवर ओले कपडे, माळ्यावरचा डबा काढायला तीच. पुढे मुलीच्या अभ्यासाचं टेबलही तीच झाली. शेजारी सत्यनारायण असला की आमच्या खुर्च्या जायच्या आणि भलत्याच परत यायच्या, म्हणून पाठीवर नेलपॉलिशनं माझं नाव लिहून ठेवलं. आम्ही मात्र जमिनीवरच बसत होतो. आईचा धाक तिथवर पोचत होता.

मग आई गेली. कंपनीत फोन आला, आम्ही गावी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. मला रडू आलं नाही. बायका गळ्यात पडून रडत होत्या आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते, जशी काही त्यांचीच आई गेली होती.

मी एकुलती. बारावं झाल्यावर बाबांना नावड्याला घेऊन आले. त्यांनी आता इथंच राहावं, एवढंच मला हवं होतं. ते तोंडानं सांगता येत नव्हतं, कारण तेव्हा काहीच सांगता येत नव्हतं. दूध उतू जायचं आणि मी ते बघत उभी राहायचे.

बाबांनी येताना नायलॉनचा दोरा आणि जाळं विणायची लाकडी सुई आणली होती. त्यांनी पाग विणायला घेतला. पाग म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं. त्याचं टोक कशाला तरी बांधायचं आणि विणत विणत मागे सरकायचं. गावी ते पडवीच्या खांबाला बांधायचे. रूममध्ये खांब कुठला? खिडकीचे गज उंच, दार हलतं. शेवटी त्यांनी टोक खुर्चीच्या हाताला बांधलं आणि स्वतः खाली बसले. पण गाठ आवळली की खुर्ची सुळकन त्यांच्याकडे यायची. दोनतीनदा मागे ढकलून झाल्यावर म्हणाले, "बस तिच्यावर."

मी बसले. नवरा सेकंड शिफ्टला, मुलगी शाळेत. बाप खाली आणि लेक वर, आईनं पाहिलं असतं तर पाठीत धपाटा घातला असता. गाठ आवळली की खुर्चीला हिसका बसायचा, तो माझ्या कमरेपर्यंत यायचा. त्या महिन्यांत मला जाणवत होतं ते तेवढंच. बाकी सगळं बधिर होतं.

आमच्या जवळच्या नदीला तेव्हा कंपन्यांचा फेस असायचा. एकदा विचारलं, "बाबा, हा पाग इथं टाकणार कुठं?"

"टाकाया नाय. हातांना काम लागतं," ते म्हणाले. मग पुढची गाठ घालत, "झाला का जाईन गावाला."

तेव्हा लक्षात आलं. पाग वाढत होता तसे बाबा माझ्यापासून मागे मागे, दाराकडे चालले होते. मला राहा म्हणायचं होतं. म्हणाले नाही, वजनाला बसून राहिले. एके दिवशी त्यांची पाठ दाराला टेकली. मग त्यांनी कडेला शिशाच्या गोळ्या ओवल्या आणि टोक सोडवलं.

जाताना एकच मागितलं, "ही खुर्ची नेऊ का?" नवरा हसला. "बाबा, तिकडं खांब आहे की. खुर्ची कशाला?" बाबांनी ती उचललीच. खुर्ची पागाच्या बोचक्याबरोबर एसटीच्या टपावर चढली. या वेळी खिडकीबाहेर मी उभी होते. राहा हा शब्द ओठांपर्यंत आला, आणि बाहेर पडलं ते, "खाली बसून जेवा."

मे महिन्यात आम्ही गावी गेलो. बाबा पडवीत बसून नवा पाग विणत होते. खांब तिथंच, रिकामा. टोक खुर्चीच्या हाताला बांधलेलं आणि खुर्चीवर आईचा पाटा. वर्षानुवर्षं मसाला वाटून मधे खोलगट झालेला. आता वाटणारं कोणी नव्हतं.

बाबांनी मला पाहिलं. सुई ठेवून उठले, दोन्ही हातांनी पाटा उचलून भिंतीशी टेकवला, पंच्यानं खुर्ची पुसली आणि म्हणाले, "बस."

मी बसले. त्यांनी गाठ आवळली, हिसका कमरेशी आला आणि आईसाठी मी पहिल्यांदा रडले. हुंदक्यांनी खुर्ची हलत होती. बाबांनी विणणं थांबवलं नाही.

आता बाबाही नाहीत. गाव सोडून आलेल्यांना आणि मागे राहिलेल्यांना, घर म्हणजे काय ते ज्याचं त्याला ठाऊक. माझा नावड्याला फ्लॅट आहे, सोफा आहे, आणि कुठंही गेले तरी या, बसा म्हणणारी माणसं पुष्कळ आहेत. पण मी नसताना माझ्या जागी घरातली सगळ्यात जड वस्तू उचलून ठेवावी लागली, असं एकाच पडवीत झालं.