चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मध्ये

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना भूकंपापासून अकरा दिवस धड झोप नव्हती. मोठा धक्का येऊन गेला, पण बारीकसारीक हादरे पाठ सोडत नव्हते. मिस्त्री बूट घालूनच पलंगावर आडवे होत आणि छताच्या भेगेवर डोळा ठेवत. शेजारी बायको हात जोडून दोन मिनिटं पुटपुटायची आणि कुशीवर वळली की घोरायला लागायची.

"अगं, झोप तरी कशी लागते तुला?"

"प्रार्थना केली ना," ती म्हणायची.

प्रार्थना मिस्त्रीही करत. रविवारी चर्चला न चुकता जात. फक्त बसत दाराजवळच्या बाकावर, पळायला बरं म्हणून.

बाराव्या दिवशी सकाळी त्यांनी एका सहा मजली कचेरीची लिफ्ट तपासली, स्वतः दोनदा खालीवर जाऊन आले आणि रखवालदाराला म्हणाले, "करा चालू." मग गच्चीवरच्या मोटरखोलीत अवजारं आवरायला गेले. डबा घरी विसरला होता. तो द्यायला बायको आली, गुडघे दुखतात म्हणून लिफ्टमध्ये चढली आणि लिफ्ट चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मध्ये असताना इमारत हलली. वीज गेली.

"मिस्त्री, आत दोघी आहेत," रखवालदार जिन्यातून ओरडला. "एक हेडक्लार्क बाई. आणि दुसऱ्या... तुमच्याच."

अशा वेळी ब्रेक सैल करून मोटरचं चाक हाताने फिरवायचं. लिफ्ट बोट-बोट सरकत जवळच्या मजल्याला लागते. एरवी वीस मिनिटांचं काम. पण चाक जागचं हलेना. लिफ्टचा तोल सांभाळणारं वजन रुळावरून सुटून अडकलं होतं. कमरेला दोर बांधून, हातात पहार घेऊन मिस्त्री लिफ्टच्या अंधाऱ्या बोगद्यात उतरले.

अर्धा तास आतून रडारड ऐकू येत होती. मग सगळं शांत झालं.

मिस्त्रींनी आयुष्यात शेकडो माणसं सोडवली होती. माणसं ओरडतात, दार बडवतात, मिस्त्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. त्यावरूनच कळतं, आत सगळं ठीक आहे. ही शांतता त्यांनी कधी ऐकली नव्हती. त्यात बायकोला दमा.

"अगं ए," त्यांनी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नाही.

त्यांनी रुळातली पहार काढली. 'करा चालू' आपणच म्हणालो होतो. पाठ असलेली एकही प्रार्थना आठवेना. "देवा, मला जमत नाहीये," एवढंच तोंडून आलं. मग त्यांनी पहार पुन्हा रुळात घातली.

आणखी तासाभराने वजन रुळावर बसलं, वर चाक फिरलं आणि लिफ्ट चौथ्या मजल्याला लागली. मिस्त्रींनी खाली येऊन दार ओढलं, बॅटरी मारली आणि तिथेच थबकले. बायको कोपऱ्याला टेकून शांत झोपली होती. डबा मांडीवर. आणि जिला बघून अख्खी कचेरी चळचळा कापायची, ती हेडक्लार्क बाई तिच्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड उघडं ठेवून झोपलेली. मिस्त्रींनी आपली टोपी कधी काढली, त्यांना कळलं नाही.

"जिवंत आहेत ना?" मागून रखवालदाराने विचारलं.

"हळू बोल," मिस्त्री कुजबुजले. "झोपल्यात."

बायकोने डोळे उघडले. "आलात? डबा गार झाला."

"मी आधी गळाच काढला होता," हेडक्लार्क बाई केस सावरत म्हणाल्या. "या म्हणाल्या, ओरडून घ्या हवं तेवढं, मग टेकू जरा."

"तुला भीती नाही वाटली?" मिस्त्रींनी विचारलं.

"वाटली की. पण दोघं कामाला लागलेले होतात. तिसरीने जागून काय करायचं?"

"दोघं कोण?"

"तुम्ही आणि प्रभू," ती म्हणाली. "जागं राहायचं काम त्याचं आहे. ते तुम्ही अकरा दिवस कशाला ओढून घेतलंत?"

मिस्त्रींना काहीतरी बोलायचं होतं. ते जिन्याच्या पायरीवर टेकले, डोकं भिंतीला लागलं, आणि बोलायचं राहूनच गेलं.

दुपारी पुन्हा हलकासा हादरा आला म्हणे. निम्मी कचेरी त्यांना ओलांडून खाली पळाली, असं रखवालदाराने नंतर सांगितलं. मिस्त्री जागे झाले तेव्हा ऊन उतरलं होतं, बायको शेजारी बसली होती आणि त्यांचे बूट खालच्या पायरीवर जोडीने ठेवलेले होते.