रायटरने खोडलेलं नाव
माझे वडील चौतीस वर्षं पोलिसात होते, त्यातली बहुतेक रायटर म्हणून गेली. रायटर म्हणजे साहेबांच्या तपासाचे सगळे कागद लिहिणारा हवालदार. त्यांचे एक तरुण साहेब उल्हासनगरातून पुढे दिल्लीला गेले आणि देशाच्या एका मोठ्या पोलीस दलाचे प्रमुख होऊन निवृत्त झाले. ते टीव्हीवर दिसले की बाबा लुंगी सावरून ताठ बसायचे. आई म्हणायची, "अहो, त्यांना दिसत नाही तुम्ही."

आम्ही अंबरनाथला ब्लॉक घेतला, लोडशेडिंगने जीव नकोसा केला होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. साहेबांचा फोन आला. "हवालदार, पुस्तक लिहितोय. उल्हासनगर कॅम्प चारच्या शिलाई मशीनच्या चोरीवर लिहिलंय, ते तुम्ही एकदा तपासून द्या." आणि रविवारी लिहिलेले कागद घेऊन चक्क घरी आले.

ती चोरी आम्हाला तोंडपाठ होती. कारखान्यातल्या मशीन काही केल्या सापडत नव्हत्या. बारवी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावर बाबांना पावसाच्या तोंडावर नवी रचलेली पेंढ्याची उडवी दिसली. बाबा शेतकऱ्याचे पोर. या दिवसांत पेंढा संपत आलेला असतो, मग ही उडवी आली कुठून? उपसली, तर खाली मशीन! शाबासकी साहेबांना मिळाली, बाबांना कागद लिहायला मिळाले. कुठेतरी एका ओळीत यांचं नाव यावं, एवढीच आईची इच्छा होती. माझीही.

साहेबांचे कागद मी बाबांच्या खांद्यावरून वाचले. नाव होतं! पूर्ण नाव, बक्कल नंबरासकट. मला रडूच यायला लागलं.

बाबांनी लाल पेन घेतलं. पाड्याचं नाव दुरुस्त केलं, महिना दुरुस्त केला आणि त्याच हाताने स्वतःचं नाव खोडून वर 'आम्ही' लिहिलं.

"साहेब, रायटरचं नाव तपासात येत नाही. तपास तुमचा."

"अजून तसेच आहात," साहेब हसले. चहा पिऊन, कागद पिशवीत घालून गेले. मी मात्र इतकी भडकले होते की दोन दिवस बाबांशी बोलले नाही. एवढा साधा माणूस आपल्याच नशिबी का यावा, असं वाटत होतं.

वर्षभराने कुरियरने पुस्तक आलं. बाबांनी चष्मा लावला, ते पान काढलं आणि ओळीखाली बोट धरून वाचत गेले.

"पाड्याचं नाव बरोबर छापलंय," म्हणाले. मग पान उलटलं. परत मागे आले, पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवलं.

"काय शोधताय?" आईने विचारलं.

"काही नाही गं. मी खोडलं होतं खरं," बाबा म्हणाले, "पण साहेब परत घालतील, असं वाटलं होतं."