फलकावरून काढलेली ओळ

फेब्रुवारी महिन्यात, सतरा तारखेच्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, बाजाररोडवर साडीच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या माझ्या स्कूटरचा फोटो वाहतूक हवालदाराने मोबाइलवर काढला. ‘नो पार्किंग’मध्ये वाहन उभे केल्याचे ई-चलान झाले. मी तेव्हा शेजारच्या दुकानात झेरॉक्स काढत होतो. मेसेज संध्याकाळी आला.

झेरॉक्स त्याच स्कूटरच्या कागदांच्या होत्या. स्कूटर मी विकली होती. घेणारी ताडकळसची, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, रक्त-लघवी तपासणीचा कोर्स केलेली. शहरातल्या एका लॅबने तिला खेड्याखेड्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून आणायचे काम देऊ केले होते. अट एकच होती. गाडी स्वतःच्या नावावर हवी आणि तसा कागद एकतीस मार्चपर्यंत दाखवायचा. नाहीतर ते काम दुसऱ्या मुलीला मिळणार होते. ती दुसरी मुलगी कोण, हेही तिला माहीत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही नाव बदलायला गेलो. आरटीओच्या कुंपणाबाहेर लिंबाखाली टेबल टाकून बसलेल्या एजंटने नंबर टाकला आणि लॅपटॉप आमच्याकडे फिरवला.

“काका, चलान पेंडिंग हाय. हे भरल्याबिगर पुढं जात न्हाई. भरून टाका. दोन मिनिटांचं काम.”

मी फोटो उघडून पाहिला. माझ्या स्कूटरच्या दोन्ही बाजूंना मिळून आणखी पाच दुचाक्या होत्या. त्यांतल्या तीन गाड्यांच्या नंबरप्लेट स्पष्ट वाचता येत होत्या. तिन्ही नंबर मी चलानाच्या साइटवर टाकून पाहिले. त्या दिवसाचे चलान एकावरही नव्हते.

“मी भरणार नाही,” मी म्हणालो. “तक्रार करतो. आठ दिवसांत निकाल लागेल.”

“आठच दिवस ना काका?” तिने विचारले.

मी हो म्हणालो. या विधानाला माझ्याकडे कोणताही आधार नव्हता. वर्तमानपत्रात असताना दुसऱ्या कोणाच्या बातमीत ते आले असते तर मी ते कापले असते.

या शहरात दंडाविरुद्ध तक्रार करत नाहीत, फोन लावतात. लग्नाच्या पंगतीत बसल्या बसल्या लोक सांगतात, माझे चलान अमक्याने काढून टाकले. सांगताना आवाज मोठा होतो, कारण मुद्दा चलानाचा नसतो, अमक्याच्या ओळखीचा असतो. ज्याला दंड भरावा लागतो तो गप्प बसतो. दंड झाला याची लाज कोणालाच वाटत नाही, लाज वाटते ती आपल्याला फोन लावायला माणूस नाही याची. माझा एक जुना सहकारी, जो अजून नोकरीत आहे, त्याने त्याच संध्याकाळी खिशातून मोबाइल काढला. “साहेबाला सांगतो. उद्या निल झालेलं दिसंल.” मी त्याला मोबाइल खिशात ठेवायला लावला. तो हसला आणि म्हणाला, “रिटायर झाल्यावर तत्त्व सुचायलेत व्हय?”

तक्रार ऑनलाइन करता येते. कारण लिहायला मोजक्या अक्षरांची चौकट असते. मी लिहिले की एकाच ठिकाणच्या सहा वाहनांपैकी एकावरच कारवाई झाली आहे. सहाव्या दिवशी उत्तर आले. ‘छायाचित्रात फलक दिसत आहे. तक्रार अमान्य.’ आठ दिवसांची मुदत दोन दिवस आधीच संपली.

मग मी प्रत्यक्ष वाहतूक शाखेच्या कार्यालयात गेलो. टेबलावर फोटो काढणारा तोच हवालदार होता. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्याने फोटो बोटांनी मोठा केला.

“हे बघा. बोर्ड हाय की. शेंबडं पोरगं बी वाचून सांगंल.”

“बाकीच्या पाच गाड्या?”

“त्या गिऱ्हाइकाच्या असतील.”

“गिऱ्हाइकाला नो पार्किंग लागू नाही?”

त्याने चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिले. “काय करता तुमी?”

मी सांगितले.

“पत्रकार हाव म्हणून आधी न्हाई का सांगायचं? बसा. चहा सांगतो.”

चहा नको, असे सांगून मी विचारले, ही जागा नो पार्किंग आहे, असा आदेश कोणता आहे. तो मला बघायचा आहे.

“आदेश?” तो शेजारच्या शिपायाकडे वळला. “ऐक रे, आदेश पायजे ह्यांना.” मग माझ्याकडे. “साहेब, अठ्ठावीस वर्षं झाली नोकरीला. लोकांनी पाया पडून बघितलं, शिव्या देऊन बघितलं, चक्कर येऊन पडून बघितलं. आदेश कुणी मागितला न्हाई. बोर्ड हाय, म्हंजी आदेश असंलच ना?”

हे त्याचे प्रामाणिक मत होते. शहराचेही हेच आहे. मी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट चिकटवले, पोच घेतली. उत्तराला तीस दिवस लागू शकतात, हे मी तिला फोनवर कळवले. मग ती म्हणाली, “काका, एकतीस मार्च तेवढी ध्यानात ठेवा.”

मधल्या काळात मी साडीच्या दुकानात गेलो. फलक दुकानाच्या पायरीला लागूनच, लोखंडी पाइपवर. वर ‘नो पार्किंग’, खाली ‘सौजन्य’, आणि त्याखाली वरच्या अक्षरांच्या दुप्पट आकारात दुकानाचे नाव. आमच्याकडे सार्वजनिक वस्तू अशाच उभ्या राहतात. बसथांब्याची बाके, स्मशानातली शेड, पाण्याची टाकी, सगळ्यांवर देणाऱ्याचे नाव असते. शासकीय फलकावर ते का असू नये, असा प्रश्न कोणाला पडलेला नव्हता. मलाही तोपर्यंत पडलेला नव्हता. त्या रस्त्याने मी तीस वर्षे ये-जा केली आहे.

दुकानदार अगत्यशील होता. त्याने गादीवर बसवले.

“बोर्ड आमचाच. खात्याला बोर्ड लावायचे होते, निधी नव्हता. मी म्हणलं, मी देतो. सेवा हाय.”

“जागा कोणी ठरवली?”

“जागा मीच दाखवली. दुकानाम्होरं उगं कोणीबी गाडी लावून दिवसभर गायब व्हायचं. आता हवालदारसाहेब दुपारी इथंच बसतात, पंख्याखाली. गिऱ्हाइकाला तरास न्हाई.” मग त्याने फलकाकडे हात केला. “त्यांनी मजकूर लांबलचक दिला होता. सम तारखेस का काय. पेंटर म्हणला, शेठ, तेवढं लिवलं तर दुकानाचं नाव बारीक होतंय. मी म्हणलं, मग ती ओळ काढ. नो पार्किंग म्हणलं की कळतंय लोकांना.”

मी वही काढली नाही. विचारले, “सम तारखेस, असं होतं?”

“असंच कायतरी. एका ओळीनं काय फरक पडतो?”

रस्ता ओलांडून मी समोरच्या बाजूला गेलो. तिथेही तसाच फलक होता. तो एका कोचिंग क्लासच्या सौजन्याने होता. त्यावर संचालकाचा हात जोडलेला फोटो होता आणि तारखेचा उल्लेख नव्हता.

आदेशाची प्रत चोवीस मार्चला टपालाने आली. एक पान. बाजाररोडच्या दक्षिण बाजूस सम तारखेस व उत्तर बाजूस विषम तारखेस वाहने उभी करण्यास मनाई. साडीचे दुकान दक्षिण बाजूला आहे. सतरा ही विषम तारीख आहे. म्हणजे त्या दिवशी स्कूटर नियमाने जिथे उभी करायची तिथेच उभी होती, आणि समोर लावली असती तर चलान खरे ठरले असते. प्रत्यक्षात दोन्ही फलकांप्रमाणे दोन्ही बाजूंना रोजच बंदी होती, आणि दोन्ही बाजू रोजच भरलेल्या होत्या.

मी त्याच दिवशी प्रत जोडून अर्ज दिला. अर्ज तीन परिच्छेदांचा होता. हवालदाराने तो उभ्याने वाचला, आदेशाचे पान उलटून मागे काही आहे का ते पाहिले.

“सम-विषम,” तो म्हणाला. “आमालाच कुणी सांगितलं न्हाई. आता साहेबाम्होरं ठेवतो. सोमवारी या. तीस तारखेला. रद्दच होतंय हे.” मग हळू आवाजात, “बोर्डाचं मातर जाऊ द्या. शेठ चांगला माणूस हाय.”

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला फोन केला. आदेश वाचून दाखवला. सम बाजू, विषम बाजू, पेंटर, सगळे क्रमाने सांगितले. मला वाटत होते तिला हे ऐकून बरे वाटेल.

“म्हंजी झालं रद्द?” तिने विचारले.

“सोमवारी होईल. साहेब सही करतील.”

“आन् मग सिस्टीमात कवा दिसंल?”

हे मी हवालदाराला विचारले नव्हते. बातमीदारीत पहिल्या महिन्यात शिकवतात ते मी विचारले नव्हते.

“एक-दोन दिवसांत,” मी म्हणालो.

“सोमवारी तीस. मंगळवारी एकतीस.” ती मोजत होती. “काका, एक विचारू? एजंट म्हणत होता, तुमच्यासारख्याचं फोनावर होतंय.”

“होतं.”

“तुमाला कुणी म्हणलं होतं का, मी फोन लावतो म्हणून?”

“म्हणाला होता.”

“कवा?”

“पहिल्याच दिवशी.”

ती रागावली नाही. “बरं,” म्हणाली. “तुमचं बी बरोबरच असंल. बोर्ड वाईटच हाय तो.” मग तिला कोणीतरी घरातून हाक मारली आणि तिने फोन ठेवला.

तिचा फोन नंतर आला नाही. मीही केला नाही. शनिवारी मी अर्जाची स्थळप्रत, आदेश, फोटो आणि पाच वाहनांच्या जागा दाखवणारा आराखडा एका फाइलमध्ये लावला. आराखडा पट्टीने आखला होता. तो आराखडा मागायचे कोणालाही कारण नव्हते.

सोमवारी सकाळी साडेदहाला मी कार्यालयात पोहोचलो. हवालदाराने मला पाहून कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि संगणकाची स्क्रीन माझ्याकडे वळवली, लिंबाखालच्या एजंटने वळवली होती तशीच.

“भरलंय की तुमी.”

“मी भरलेले नाही.”

“शनिवारी भरलंय. बघा. ऑनलाइन.”

मी तिला फोन लावला. ती नमुने घ्यायला शिकत असलेल्या लॅबमध्ये होती, मागे कोणीतरी लहान मूल रडत होते.

“व्हय, मीच भरलं,” ती म्हणाली. “मोबाइलच्या दुकानात जाऊन. गाडीचा नंबर टाकला की भरता येतं, मालक लागत न्हाई. काल एजंटाला कळवलं, आज कागद आत गेलेत. काका, राग मानू नका.”

“मला सांगायचं तरी.”

“तुमाला सांगितलं असतं, तर तुमी भरू दिलं असतं का?”

हवालदार माझ्या फाइलकडे बघत होता. “आता साहेबाकडं काय नेऊ?” तो म्हणाला. “दंड भरला म्हंजी कबूल केल्यासारखं हाय. केसच ऱ्हायली न्हाई.” मग पुन्हा चहाचे विचारले. या वेळी त्याच्या आवाजात पत्रकाराला द्यायचा मान नव्हता, फक्त चहा होता. मी घेतला.

तिने एकतीस मार्चला नाव बदलाच्या अर्जाची पावती लॅबमध्ये दाखवली. लॅबने ती चालवून घेतली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात स्कूटर तिच्या नावावर झाली. बाजाररोडवरचे दोन्ही फलक जागेवर आहेत. साइटवर माझ्या अर्जापुढे ‘दंड जमा, तक्रार निकाली’ अशी नोंद आहे.