अप्पांचं इंजिन आणि पलीकडचं रान

माझ्या भावाने आजवर मला ज्या ज्या गोष्टी होणार नाहीत म्हणून सांगितल्या, त्यातल्या बहुतेक मी करून दाखवल्या आहेत. सायकलपासून नोकरीपर्यंत. त्यामुळे गेल्या थंडीत अंगणातल्या पिंपाशेजारी उभा राहून तो म्हणाला, "अक्का, मेलंय त्ये इंजिन. सोड की नाद आता," तेव्हा मी पदर खोचला आणि त्याच्याकडेच पाना मागितला.

इंजिन आमच्या अप्पांचं, म्हणजे वडिलांचं. होडीच्या मागे लावायचं, जुनं, विलायती. वर वाटोळी पेट्रोलची टाकी, मध्ये लांब दांडा, खाली पंखा. टाकीजवळच्या चाकाच्या खाचेत दोरी गुंडाळायची आणि हिसका मारायचा, एवढाच त्याचा स्टार्टर. आमचं गाव कागलच्या खाली, दूधगंगेच्या काठाला. घर अलीकडे आणि रान पलीकडे. अप्पा होते तोवर भाकरीपासून शेणखतापर्यंत सगळं या होडीतून जायचं. ते गेले आणि होडी किनाऱ्यावर पालथी पडली, इंजिन गोठ्यात गेलं. भाऊ मोटारसायकलने पुलाचा वळसा घालून रानात जातो. पण गाडीरस्ता उसाच्या फडाशी संपतो, पुढे चिखलाची पाणंद आहे. अव्वाचे, म्हणजे आमच्या आईचे, गुडघे त्या पाणंदीपुढे केव्हाच हरले होते.

एका वीटभट्टीवाल्याला आमच्या रानाची माती हवी होती. रान अव्वाच्या नावावर. भाऊ रोज जेवताना तोच विषय काढायचा. आणि एक दिवस अव्वाच बोलून बसली, "ज्या रानात माझ्या हातनं चरगा पडंना, त्ये ठेवून तरी काय करू?" चरगा म्हणजे मार्गशीर्षातल्या एळ्ळ अमावास्येचा रानाला दाखवायचा घास. तिळाच्या कडक भाकरी, शेंगदाण्याच्या पोळ्या, भाज्या, सगळं कालवून शेताच्या चारी बाजूंना उधळायचं. आमच्याकडे तो घरच्या थोरल्या बाईच्या हातून पडतो. चार वर्षं तो अव्वाच्या हातून पडला नव्हता.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या माझ्या घरी हे फोनवर ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. वाफ्यात बसून आम्ही वाढलो ते रान हा माणूस विटा करून विकणार? दुसऱ्याच दिवशी गावी गेले. भाऊ हसला आणि म्हणाला, "अव्वाला अमावास्येला पलीकडं नेऊन दाखव. मग भट्टीवाल्याला न्हाई म्हणून सांगतो." "सांगशीलच," मी म्हणाले.

आता इंजिनाकडे येते. कागलच्या एमआयडीसीत पंपांचे सुटे भाग तपासण्यात माझा जन्म गेला, तेव्हा मला लोखंडाची भीती नाही. पण कोल्हापूरकडची एक रीत आहे. यंत्र चालू झालं नाही की आधी त्याच्याशी कुस्ती करायची. भाऊ एकेकाळी तालमीत जायचा. इंजिन पिंपातल्या पाण्यात पंखा बुडवून फळीला आवळलं आणि त्याने दोरीला असे काही हिसके दिले की दोरी तुटली, पिंप हललं, शेजारच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. इंजिन ढिम्म.

मी त्याला बाजूला केलं. गोठ्यात इतकी वर्षं पडलेलं पेट्रोल ओतून दिलं, ऑइल मिसळून नवं भरलं. प्लग बदलला, ठिणगी बघितली, निळी आणि खणखणीत होती. कार्बोरेटर सोडवून धुतला. मग मी दोरी ओढली आणि ते धडधडलं! निळा धूर अंगणभर. अव्वा आतून पळत आली, म्हणजे तिच्या गुडघ्यांनी जेवढं पळवलं तेवढी. आणि ती उंबऱ्यात पोचेपर्यंत इंजिन गचके खाऊन बंद पडलं.

त्यानंतर दोन दिवस त्याने मला नाचवलं. बंद पडलं की कितीही ओढा, चालू होणार नाही. भाऊ ओढायचा, घामाघूम व्हायचा, शिव्या घालायचा. मग पेट्रोल संपलं का बघायला मी झाकण उघडायचे, परत घट्ट लावायचे, आणि पुढच्या हिसक्याला इंजिन चालू. भाऊ दंड थोपटायचा. थोड्या वेळाने पुन्हा बंद. "तापतंय त्ये," भाऊ म्हणायचा. "म्हातारं झालंय." पण बंद पडल्यावर मी प्लग काढून बघत होते, तो कोरडा होता. ठिणगी होती, टाकीत पेट्रोल होतं आणि तरी ते खाली उतरत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी चिडून झाकण फळीवर आपटलं आणि ते तसंच तिथे राहून गेलं. इंजिन चालू झालं आणि चालूच राहिलं. पिंपातलं पाणी कोमट झालं तरी चालू. तेव्हा कुठे घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं. टाकीतलं पेट्रोल जसं खाली जाईल तशी वरून हवा आत यावी लागते, नाहीतर ते अडून बसतं. त्यासाठी झाकणाच्या मध्यावर बारीक भोक असतं. आमच्या झाकणावर भोक नव्हतंच. तिथे दगडासारखा टणक पांढरट गोळा होता. नखाने खरवडला, वास घेतला. विभूती. वर्षानुवर्षांची, ऑइलमध्ये मुरलेली.

खंडेनवमीला आणि दर अमावास्येला अव्वा इंजिनाला विभूती लावते. अंगठा बरोबर झाकणाच्या मध्यावर दाबते. इंजिन गोठ्यात पडून होतं तरी तिची पूजा चुकली नव्हती.

टाकीच्या पट्ट्याला एक दाभण दोऱ्याने बांधलेली होती. लहानपणापासून मी ती बघत आले होते. दृष्ट लागू नये म्हणून असेल, असं मला वाटायचं. आता मी ती घेतली आणि झाकणाच्या मधोमध टोचायला लागले.

"तूबी?" मागून अव्वा ओरडली. "तुझं अप्पा बी असंच टोचायचं. मी देवाचं नाव घेऊन लावायची आन् पाठ वळली की ह्येनी टोचायचं! मला दिसत न्हवतं व्हय? माझी टिंगल करायचं. म्हणून मग मीबी दुसऱ्या येळंला आणि जाड थापायची."

मी हातातली दाभण तशीच धरून बसले. दोघांचा सगळा संसार डोळ्यापुढे आला. एकाने लावायची, एकाने टोचायची, आणि दोघांपैकी कुणी एक शब्द बोलायचा नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आमच्या घरात तर दोन सुंभ होते.

"टिंगल न्हवती अव्वा," मी म्हणाले. झाकण घट्ट लावून दाखवलं, इंजिन मेलं. भोक मोकळं करून लावलं, इंजिन चाललं. तिने भोकावर बोट दाबून-सोडून ते तीनदा करायला लावलं. मग झाकण हातात घेऊन खाली बसली. "येका शब्दानं सांगायचं हुतं की," एवढंच म्हणाली. मला नव्हे. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

अमावास्येच्या सकाळी होडी पाण्यात होती. भाऊ चरग्याची वेताची बुट्टी मांडीवर घेऊन बसला होता, अव्वा मध्ये पाटावर, मी मागे इंजिनापाशी. दोरी गुंडाळली, तेवढ्यात अव्वा म्हणाली, "थांब." कनवटीची पुडी सोडली आणि विभूतीचा अंगठा झाकणावर दाबला. बरोबर मध्यावर, जुन्याच ठिकाणी. भाऊ गालात हसला. मी हातातली दोरी सैल सोडली.

अव्वाने हात पुढे केला. "दाभण आण."

आणि स्वतः टोचलं. आरपार, दोनदा फिरवून. मग मला म्हणाली, "वढ आता."

पहिल्या हिसक्याला चालू झालं. पलीकडे होडी थेट आमच्या बांधाला लागली. चार वर्षांनी अव्वाचे पाय त्या मातीत टेकले. माझ्या खांद्याला धरून तिने चारी बाजूंना चरगा उधळला, कानडीत हाळी देत, आवाज चिरकेपर्यंत. मध्येच भावाचा फोन वाजला. भट्टीवाला होता. भाऊ माझ्याकडे बघायला लागला, मी अव्वाकडे.

"सांग त्याला," अव्वा म्हणाली, "रान रिकामं न्हाई."

त्याने सांगितलं. चेहरा पडला होता, पण सांगितलं.

परतताना होडी काठाला लागली तेव्हा अव्वाने टाकीच्या पट्ट्याचा दोरा दाताने तोडला, दाभण पदराला पुसली आणि विभूतीच्या पुडीसकट कनवटीला खोचली.

"माझ्याजवळच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "बघू मला सोडून कोण रानात जातंय."