धुळ्याच्या मैदानातली हिरवी पट्टी

जळगावला उतरलो तेव्हा सकाळ होती, पण हवेत सकाळ नव्हती. फलाटाच्या फरशीत आदल्या दिवसाची ऊब तशीच होती. रात्रभर बाकावर बसून अंग आंबलं होतं, गुडघा धरला होता, आणि ज्या कामासाठी आलो त्याचा मला स्टेशनातच कंटाळा आला होता.

पुण्याच्या एका साप्ताहिकासाठी मी तेव्हा गावोगावच्या मैदानांवर लेख लिहीत होतो. सोलापूर, सांगली, अकोला करून झालं होतं. सगळीकडे कथा एकच. कुणीतरी जागा दिली, कुणीतरी पायऱ्या बांधल्या, नारळ फुटला, आणि पुढे क्रिकेटवाले आणि फुटबॉलवाले एकमेकांकडे पाठ करून बसले. खानदेशाचे लेख झाले की ही मालिका थांबवू या, असं मी संपादकांना सांगून निघालो होतो. बहात्तरचा पाऊस बुडाला त्याच्या पुढचा हा उन्हाळा. अशा वर्षी खेळाच्या मैदानांवर लिहायचं, याचीही थोडी लाजच वाटत होती.

जळगावच्या ज्या मैदानाचा पत्ता मला दिला होता तिथे कडब्याच्या गंजी उभ्या होत्या. दारात म्हातारा राखणदार उपरण्यानं वारा घेत बसला होता. सामने कधी होतात, असं मी विचारलं.

“सामना कोठला भाऊ? आते आठे बठ्ठा कडबाच शे,” तो म्हणाला. (आता इथे सगळा कडबाच आहे.) मग माझ्या तोंडाकडे बघून त्याला दया आली असावी. “धुयाले जा. तठे शेठनी अजून हिरवं राखेल शे.” (धुळ्याला जा. तिथे शेठनी अजून हिरवं राखलं आहे.)

स्टँडजवळच्या खाणावळीत जेवलो. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली). भाजी इतकी जाळ की डोळ्यांत पाणी आलं, पण मालकानं पाण्याचा पेला अर्धाच भरला. दुसऱ्यांदा मागायचं धैर्य झालं नाही.

एस.टी. एरंडोल सोडून पारोळ्याकडे लागली आणि तिच्या तोंडातून वाफ यायला लागली. ड्रायव्हरनं गाडी एका निंबाखाली घेतली. आजूबाजूला नुसती भेगाळलेली काळी रानं. कुठे विहीर दिसेना. शेवटी कंडक्टर हातात डबा घेऊन प्रवाशांमधून फिरला आणि ज्याच्या त्याच्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी गोळा करू लागला. कुणी कुरकुर केली नाही. माझ्या शेजारी लाल पागोट्याचे एक आबा होते. त्यांनी स्वतःचा तांब्या रिकामा करून दिला आणि मला विचारलं, “तुम्ही कोणता कामले चालनात?”

“मैदान पाहायला,” मी म्हणालो.

आबांनी बाहेरच्या उघड्या रानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला पुढे काही सांगावंसं वाटलं नाही.

धुळ्यात पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. पिशवी लॉजवर टाकून तसाच मैदानाकडे गेलो. पांझरा नदीच्या पात्रात वाळू आणि वाळूत खणलेले झिरे (पाण्यासाठी केलेले खड्डे), प्रत्येकाभोवती बायका बसलेल्या. एकेक वाटी पाणी हंड्यात ओतत होत्या.

मैदानाला तिन्ही बाजूंनी मातीचा बांध आणि चौथ्या बाजूला दगडी पायऱ्या. मधली जमीन उंटाच्या पाठीसारखी पिवळी. आणि त्या पिवळ्याच्या ऐन मध्यावर दोरीनं वेढलेली एक हिरवी पट्टी. मी इतकी मैदानं पाहिली, पण त्या दिवशी ते हिरवं दिसलं तेव्हा मी खरोखर थबकलो. महिन्याभरात डोळ्यांना असं काही मिळालं नव्हतं.

पायरीवर छत्री उघडून एक गृहस्थ बसले होते. हे हस्तीमलशेठ. कापडाचे व्यापारी. आजोबा मारवाडातून आले, पण यांचा जन्म धुळ्यातच. मी कशासाठी आलो ते सांगताच त्यांनी छत्री माझ्या डोक्यावर सरकवली आणि बोलायला लागले.

मूळची ही जागा कापसाच्या गाड्या सोडायची. जिनिंगचा हंगाम सरला की मोकळी पडायची. पहिला चेंडू इथे आणला तो गिरणीतल्या तरुणांनी, आणि तो फुटबॉल होता. क्रिकेट नंतर आलं, वकिलांबरोबर आणि पेढीवाल्यांच्या पोरांबरोबर. हस्तीमलशेठ त्यांतलेच एक. साठनंतरच्या वर्षांत वर्गणी काढून पायऱ्या बांधल्या आणि गावानं या जागेला स्टेडियम म्हणायला सुरुवात केली. पावसाळ्यात फुटबॉल, दिवाळीनंतर क्रिकेट, असं ठरलं.

“पण विकेट, म्हणजे ही खेळपट्टी, पावसाळ्यात उचलून घरी नेता येत नाही ना,” शेठ म्हणाले. “बुटांच्या खिळ्यांनी चाळण व्हायची. मग मी दोरी बांधली. फुटबॉल थोडा बाजूला सरकवला.”

थोडा म्हणजे किती, ते बसल्या जागेवरून दिसत होतं. एक गोल पार पायऱ्यांना टेकला होता. कोपऱ्यातून चेंडू मारणाऱ्याला दोन पावलं मागे सरकायलाही जागा नव्हती.

“रविवारी इंदूरचा संघ येतोय,” ते म्हणाले. “माझा मुलगा धंदा सुरतेला नेणार. दिवाळीला आम्ही इथून जाऊ. त्याआधी बाहेरगावच्या एका चांगल्या संघानं माझ्या विकेटवर खेळावं, एवढंच मनात आहे. साक्री रस्त्याला माझा मळा आहे. विहिरीला अजून पाणी आहे. रोज सकाळी टँकर आणतो.”

मी मान डोलावली. त्यांचं सांगणं साधं होतं, आणि दिवसभराच्या थकव्यानंतर मला त्यात काही खटकलं नाही. खटकलं ते बाहेर पडल्यावर.

फाटकाशी चहाची टपरी होती. तिथे वामननाना भेटले. उंच, हाडांचे, हाताची बोटं वाकडी झालेली. गिरणीत जॉबर (कामगारांवरचे मुकादम) होते आणि पूर्वीचे गोलकीपर. फुटबॉलचा संघ अजून तेच सांभाळत.

“शेठनं इतिहास सांगितला?” त्यांनी विचारलं. “पुतण्याचं सांगितलं?”

नव्हतं सांगितलं. नानांनी सांगितलं. त्यांचा पुतण्या रघुनाथ, सगळ्या खानदेशात नाव काढील असा खेळणारा. एका पावसाळी सामन्यात चेंडूमागे धावताना त्याचा पाय त्या दोरीत अडकला आणि गुडघा खुंटीवर आपटला. वाटी फुटली. त्याला पायऱ्यांजवळ आणून निजवलं. हस्तीमलशेठ धावत आले.

“धावत आले ते खरं,” नाना म्हणाले. “पण पोराला ओलांडून पुढे गेले. दोरी पडली होती, गर्दी विकेटवर चढली होती. त्यांनी पहिला शब्द काढला तो हा, की लोकांना तिथून खाली उतरवा.” त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “मग दवाखान्यात आले, सगळं केलं. नाही म्हणत नाही मी. पण पहिला शब्द तो होता. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोललो नाही.”

लॉजवर मला लवकर झोप लागली नाही. दोघांचंही म्हणणं खरं होतं आणि मला दोन्ही लेखात घालायचा कंटाळा आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर येताना पाहावा म्हणून गेलो, तर फाटकात बायका उभ्या. बांधापलीकडच्या वस्तीतल्या, कमरेवर हंडे, कळश्या. टँकर रस्त्यातच थांबला होता. सर्वांत पुढे एक वयस्क बाई होत्या. त्यांना सगळ्या अक्का म्हणत होत्या. टँकरच्या पुढच्या चाकाला टेकवूनच त्यांनी हंडा ठेवला होता.

शेठ छत्री मिटून आले. “अक्का, वाट सोडा. हे पाणी माझ्या विहिरीचं आहे.”

“तुम्हनंच शे,” अक्का म्हणाल्या. आवाज चढवला नाही. “आम्ही कोठे नही म्हनतस? पन आमले पेवाले पानी नही, अन तुम्ही मातीले पाजतस.”

शेठ म्हणाले, “रविवारपर्यंतच. चार दिवस. त्यानंतर रोज तुम्हाला देतो. शब्द देतो.”

“पोरं रविवारलोंग तिशी ऱ्हातीन का, शेठ?” (मुलं रविवारपर्यंत तहानलेली राहतील का?)

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. तेवढ्यात गिरणीची पाळी सुटून नाना सायकलवरून आले. गर्दी त्यांना वाट देत बाजूला झाली. सगळ्यांना ठाऊक होतं की या विकेटचा गावात कुणाला राग असेल तर तो नानांना. ते काय बोलतील याचा अंदाज मीही बांधून ठेवला होता.

नानांनी सायकल बांधाला टेकवली. टँकरकडे पाहिलं, दोरीच्या आतल्या हिरव्याकडे पाहिलं. मग अक्कांना म्हणाले, “अक्का, थोडं तेले बी ऱ्हाऊ द्या. जीव लाईसन वाढाडेल शे त्यानी.” (थोडं त्यांनाही राहू द्या. जीव लावून वाढवलं आहे त्यांनी.)

अक्का नानांकडे बघतच राहिल्या. “तुम्ही सांगतस हाई, नाना?”

“मीच सांगस.”

अक्कांनी मागे वळून बायकांकडे पाहिलं. मग हंडा चाकापासून थोडा मागे घेतला. “अर्धं,” त्या म्हणाल्या.

मी शेठकडे पाहत होतो. त्यांना हवं होतं त्यातलं पुष्कळ मिळालं होतं, तेही ज्याच्याकडून मिळेल असं कधी वाटलं नव्हतं त्याच्याकडून. पण त्यांचा चेहरा उतरला. नानांनी शिवी दिली असती तर ते उभे राहिले असते, असं मला वाटतं. ते तिथेच बांधावर बसले.

“अर्ध्यानं नाही भागत,” ते हळू म्हणाले. मला वाटलं, हुज्जत घालतात. पण त्यांनी ड्रायव्हरला हात केला. “नळ उघड. सगळं घेऊ दे त्यांना. उद्याही इकडे आणू नकोस, सरळ वस्तीत ने.”

पाणी हंड्यात पडायला लागलं तसा बायकांचा गलका सुरू झाला. अक्कांचा हंडा भरला. त्या शेठसमोरून जाताना थांबल्या, पदर सारखा केला आणि पुढे गेल्या. आभार वगैरे कुणी मानले नाहीत, आणि शेठ त्यासाठी थांबलेही नव्हते. ते तार ऑफिसात गेले. इंदूरला तार केली की येऊ नका.

हस्तीमलशेठनी मला घरी जेवायला नेलं. वरण-बट्टी होती, वर तूप. घरात पुरेसं पाणी होतं, तरी शेठ पाण्याला शिवले नाहीत. सून दोनदा आग्रह करून गेली. जेवताना ते फक्त एकदा बोलले, “तीन दिवसांत पिवळी पडेल. मग भेगा.”

त्याला तीन दिवसही लागले नाहीत. त्या उन्हात संध्याकाळीच कडा करपायला लागल्या. मी निघायच्या आदल्या दिवशी गेलो तेव्हा पट्टी आजूबाजूच्या जमिनीत मिसळत चालली होती. वामननाना आणि शेठ दोघं दोरीपाशी उभे होते. मग शेठ वाकले आणि एक खुंटी धरून हलवू लागले. ती निघेना. नानांनी येऊन दुसरा हात लावला. एकेक करून साऱ्या खुंट्या निघाल्या, दोरीचं वेटोळं झालं, आणि शेठनी ते पायरीखाली टाकलं.

संध्याकाळी गिरणीच्या तरुणांनी गोलाचे खांब आणून मैदानाच्या मध्यावर, सरळ रांगेत उभे केले. चेंडू विकेटवरून इकडून तिकडे जायला लागला. धूळ उडत होती. शेठ छत्री न उघडता बसून पाहत होते. मी त्यांच्याजवळ होतो. नाना आले आणि थोडं अंतर ठेवून त्याच पायरीवर बसले.

समोरच पाहत शेठनी विचारलं, “रघुनाथ कसा आहे, नाना?”

“सुरतेला असतो. पायानं लंगडतो. पण कापडाच्या मार्केटात लागलाय, दोन मुलं झालीत.”

“मीही सुरतेलाच चाललोय. पत्ता द्याल?”

समोर एका तरुणानं गोल केला, आरडाओरडा झाला. तो शांत झाल्यावर नाना म्हणाले, “देतो. पण तो तुम्हाला भेटेल की नाही, ते मी नाही सांगू शकत.”

“बरोबर आहे,” शेठ म्हणाले.

सकाळच्या गाडीनं मी चाळीसगावला निघालो. लहान डबे, लाकडी बाकं, खिडकीतून येणारी कोळशाची कणी. शिरूड गेलं, पुढची स्टेशनं गेली. दोन्ही बाजूंना तीच वाळलेली रानं. गुडघा दुखत होता आणि मी येताना जितका थकलो होतो त्याहून जास्त थकलेला होतो, तरी झोप येत नव्हती. वहीत लिहायला घेतलं तर काय लिहावं ते कळेना. सामना झालाच नव्हता. निकाल नव्हता. गावाला मिळाली ती एक सपाट धुळकट जागा, तशी प्रत्येक गावाला असतेच. पंचवीस वर्षं मी कोण जिंकलं ते लिहीत आलो. एखादा माणूस आपली सगळ्यात आवडती गोष्ट डोळ्यांसमोर वाळू देतो आणि तरी रोज येऊन तिच्याशेजारी बसतो, त्याबद्दल कसं लिहायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

पुण्याला पोचल्यावर लेख लिहिला. संपादकांनी सोबत छापायला फोटो मागितला. निघायच्या दिवशी सकाळी पायरीवर उभं राहून काढलेला एकच होता माझ्याकडे. त्यांनी तो उजेडात धरला, उलटसुलट करून पाहिला.

“यात विकेट कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

मी फोटोतल्या जागेवर बोट ठेवलं. तिथे बुटांचे आणि अनवाणी पायांचे ठसे एकात एक मिसळलेले होते. त्यांना काही दिसलं नाही. मी बोट तिथेच ठेवून थोडा वेळ उभा राहिलो.