पोटाचं बारदान

मी मापाडी. मलकापूरच्या बाजारात गेली सव्वीस वर्षं लोकांची तूर, हरभरा, सोयाबीन काट्यावर चढवतो, आकडा ओरडून सांगतो अन् पुढच्या पोत्याला हात घालतो. काट्यावर मी आजवर पाच ग्रॅमचंही खोटं बोललेलो नाही. पण सव्वीस वर्षांचं न बोललेलं खोटं माणसाच्या आत साठतं, त्याला कुठून तरी वाट द्यावी लागते. मी ती गोष्टी सांगताना देतो. तेव्हा पुढचं वाचताना ज्यानं त्यानं आपापल्या अंदाजानं थोडी घट धरावी.

तर, तीन वर्षांपूर्वी माझं वजन एकशे त्रेपन्न किलो होतं. हा आकडा पक्का आहे, यात घट धरू नका. आमचं गाव धामणगाव बढेच्या अलीकडं. तिथून मी काळीपिवळीत बसलो की ड्रायव्हर बाकीच्या सगळ्या सवाऱ्या दुसऱ्या बाजूला घ्यायचा, नाही तर गाडी मलकापूरऐवजी आपोआप वळून परत गावात यायची. एकदा रस्त्यात टायर पंक्चर झालं अन् जॅक सापडेना. ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, तुमी फक्त खाली उतरा." मी उतरलो, तसं चाक आपणहून वीतभर वर आलं. शेतात निखाऱ्यांवर भाजलेल्या जाड रोडग्यांचं जेवण असलं की मी सतरा रोडगे खायचो, अन् गोवऱ्या विझायच्या आधी आणखी कणीक भिजवायला लावायचो.

मग गुडघे बोलायला लागले. साखर निघाली. आमच्या गावच्या डॉक्टरनं एकदाच सांगितलं, "चालत राह्यला त चालत राहसान. नाई त नाई." मी चाललो. अडीच वर्षं रोज पहाटे चाललो, इतका की आमच्या शिवारातली कुत्री माझ्यामागं चालून चालून बारीक झाली. सतरा रोडग्यांचे दोन झाले. आज मी एक्क्याण्णव भरतो. बासष्ट किलो गेले. म्हणजे माझ्यातून एक आख्खा वाढलेला मापाडी उठून निघून गेला, अन् जाताना आपली कातडी इथंच टाकून गेला.

ती कातडी हीच सगळी कहाणी. पोटाची अशी लोंबते की रिकामं पोतं दुमडून कमरेला बांधावं. दंडाखालची मोटारसायकलवर वाऱ्यानं फडफडते. मागून येणारे ट्रकवाले समजतात, मी त्यांना पुढं जायची खूण करतोय. एकानं तर हॉर्न वाजवून आभारही मानले.

पण एक गोष्ट वाढवून सांगत नाही. पोटाच्या घडीखाली घाम साचतो अन् तिथं चामडी लाल होऊन सोलवटते. रोज सकाळी बायको ती घडी उचलते, जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यानं टिपून घेते, पावडर लावते. कधी तक्रार केली नाही. नवरा एकशे त्रेपन्न किलोचा असतानाही जिनं नाक मुरडलं नाही, ती आता काय करणार?

अन् दुसरी गोष्ट, विहिरीची. आमच्याकडं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दुपारच्या आमरसाआधी गावातले आम्ही सगळे जुने गडी धरणाकडच्या एका मोठ्या विहिरीत उड्या टाकतो. ज्याच्या उडीचं पाणी विहिरीच्या भिंतीवरचा सगळ्यात उंच दगड भिजवील, त्याला रसाची पहिली वाटी. हरले ते वाढतात. दगडांचे थर पाण्यापासून वर मोजायचे. चौथा थर भिजवणारा गावात एकच माणूस होता. मी उडी मारली की विहीर क्षणभर रिकामी व्हायची, तळाचे मासे गोंधळून इकडंतिकडं पाहायचे अन् शेजारच्या दोन एकर हळदीला मोटार न लावता पाणी मिळायचं.

मागच्या आखाजीला मी गेलो नाही. ताप आला म्हणून सांगितलं. खरं म्हणजे बनियन काढायची हिंमत नव्हती. विहिरीवरच्या दहा जणांपुढं ते रिकामं पोतं कोण उघडं करणार? ताप म्हटल्यावर गावात निराळीच बोंब झाली. इतका बारीक झाला, त्यात ताप, म्हणजे मोठ्ठा आजार! आठवडाभर लोक नारळ घेऊन भेटायला येत होते अन् माझ्याकडं असं पाहत होते की मीच त्यांना धीर देऊन पाठवायचो.

तेव्हा ठरवलं. ही कातडी काढायची. पुढच्या आखाजीपर्यंत निदान तारीख तरी घ्यायची.

बाजारात आमचा हमालांचा मुकादम आहे. माझा बालमित्र, आमच्याच गावचा. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "एक्क्याण्णव भरते ना तू? मंग त्यातला माल किती अन् बारदान किती?"

बारदान म्हणजे पोत्याचं वजन. एकूण वजनातून ते वजा केल्याशिवाय आमच्यात माल मोजला असं होतच नाही.

"मोजून नाई पाह्यलं," मी म्हणालो.

"मापाडी असून? लाज हाये का बे काही!"

त्याचं म्हणणं मला लागलं. बाजार उठल्यावर आम्ही एका आडत्याच्या दुकानात शिरलो. तिथं नमुने तोलायचा वीस किलोचा छोटा काटा आहे. मुकादमानं शटर अर्धं ओढलं. मी बनियन वर केली, टेबलासमोर उभा राहून वाकलो अन् पोटाचा लोंबता भाग दोन्ही हातांनी उचलून, पिकलेली पपई ठेवावी तसा, स्टीलच्या ताटलीवर ठेवला. हात मागं घेतले. ताटली अशी गार की मी तोंडात बोळा घातल्यासारखा ओरडलो.

"हलू नको बे! आकडा थांबू दे!" मुकादम काट्यावर डोळे लावून होता. मग लिलावात ओरडावं तसा तो ओरडला, "सात किलो चारशेऽ!"

मी मनात वजाबाकी केली. त्र्याऐंशी किलो सहाशे. चौऱ्याऐंशीच्या आत! दुसऱ्या दिवशी सगळ्या बाजाराला माझ्या पोटाचा आकडा पाठ होता. माझी साळी, बायकोची बहीण, जानेफळला दिलेली आहे. तिच्यापर्यंत तो पोचला तेव्हा अकरा किलो झाला होता, अन् देवाशपथ सांगतो, त्यात माझा हात नव्हता.

अकोल्याला ही शस्त्रक्रिया करणारे एक डॉक्टर आहेत असं कळलं. या वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशीचीच तपासणीची वेळ मिळाली. बायकोला घेऊन गेलो. डॉक्टर तरुण, शांत, हसरे. सगळं तपासून झाल्यावर मीच विषय काढला.

"साहेब, सात किलो चारशे निघेल. बनियन धरलेली नाही."

त्यांचं पेन थांबलं. "हे कोणी सांगितलं?"

मी छाती पुढं काढून सगळी हकिगत सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतलं अन् विचारलं, "पोट ताटलीवर ठेवलंत तेव्हा तुम्ही वाकला होतात. हात?"

"मागं."

"मग तुमच्या अंगाचा तोल कशावर होता?"

सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षं मी लोकांवर ओरडत आलो, 'भाऊ, पोत्यावरचा हात काढा, पाय मागं घ्या, टेकू नका.' ज्यानं दुसऱ्याचं एक बोट कधी काट्याला लागू दिलं नाही, तो स्वतः काट्यावर छातीभार टेकला होता. बायको खिडकीबाहेर पाहत होती. तिचे खांदे मात्र हलत होते.

"अडीच, फार तर तीन किलो निघेल," डॉक्टर म्हणाले. "आणि ही वजन उतरवायची शस्त्रक्रिया नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. वजन तुम्ही उतरवलंय. आम्ही फक्त उरलेलं नीट करतो."

मग त्यांनी काही न लपवता सांगितलं. कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत व्रण राहील, जन्मभर. काही दिवस नळ्या राहतील. दीड महिना काही उचलायचं नाही. जखम चिघळू शकते, रक्त साखळू शकतं. दंडाचं करायचं तर ते वेगळं, नंतर. वजन आणखी काही महिने असंच टिकायला हवं. अन् तंबाखू आजपासून बंद, नाही तर जखम भरत नाही.

माझा हात आपोआप खिशातल्या डबीवर गेला.

"दिवसातून किती वेळा खाता?"

"चार वेळा."

"चार?" बायको वळली. "साहेब, त्या चारावर एक शून्य द्या."

शेवटी डॉक्टरांनी मला आरशापुढं उभं केलं अन् नेमकं काय निघेल ते दाखवायला जांभळ्या पेनानं पोटावर दोन लांब रेघा ओढल्या. एक खालून, एक वरून कमानीसारखी. "यांच्यामधलं जाईल."

बायको जवळ आली, निरखून पाहिलं. "अवो, साहेबांनी त धुरे टाकले!"

धुरा म्हणजे दोन शेतांमधली हद्द. आमच्या भागात धुऱ्यापायी सख्खे भाऊ बोलायचे बंद होतात.

घरी येऊन आंघोळ केली, साबण लावला, दगडानं घासलं. धुरे हलले नाहीत. आखाजी उजाडली तरी पोटावर ते जांभळे तसेच. मी पलंगावर पडून जाहीर केलं, "अंग गरम लागून राह्यलं."

बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "मागच्या वर्षीचाच ताप? दुसरं काही सांगा. पोट दुखते म्हना, ते तरी पटन."

मी कूस बदलली.

"एक सांगा मले," ती लाटणं थांबवून म्हणाली. "हे कापाकापी तुमी कायच्यासाठी करून राह्यले? त्या दहा जणांसाठी का? त्यायनं हसू नये म्हनून नळ्या लावून घेता का पोटाले?"

मी चादर डोक्यावरून ओढून घेतली. एवढ्यात बाहेर मुकादमाच्या गाडीचा हॉर्न वाजला. तो वाजतच राहिला. शेवटी शेजारी ओरडायला लागले म्हणून मी उठलो. शौर्य वगैरे काही नव्हतं.

विहिरीवर सगळे होते. मी कठड्याशी गेलो, डोळे मिटले अन् बनियन काढली.

मग कोणीतरी विचारलं, "अबे, मोजणीवाले कधी येऊन गेले?"

"वरचा धुरा कोनाचा अन् खालचा कोनाचा?"

आमच्यात दोन चुलतभाऊ आहेत, एका धुऱ्यापायी अकरा वर्षं एकमेकांशी सरळ बोलत नाहीत. थोरला पुढं आला, वाकून पाहिलं अन् हवेतच बोलला, "ज्यानं टाकला त्याले सांगा, वरचा धुरा वाकडा हाये."

धाकटाही हवेतच बोलला, "वाकडा नाई, बरोबर हाये. काहींचे डोळेच वाकडे."

मग जे हसू उसळलं ते थांबेना. ते दोघंही हसले, एकाच वेळी, एकमेकांकडं पाहून. कोणी काही बोलायच्या आत मी पळत गेलो अन् उडी टाकली.

आता घट धरा. हवेत माझी कातडी चारी बाजूंनी छत्रीसारखी उघडली अन् मी विहिरीवर अधांतरी लटकलो. मला तिथून मलकापूरचं स्टेशन दिसलं, उभी असलेली गाडी दिसली, खिडकीतल्या एका बाईनं रामराम केला, मीही केला. मग पाण्यावर असा फटका बसला की बाभळीवरचे बगळे थेट खानदेशात गेले.

मी पाण्यातूनच ओरडलो, "तिसरा थर!"

वरून दहा तोंडं एकदम ओरडली, "दुसरा बे, मापाड्या!"

दुसराच होता. इथं घट धरू नका. पहिली वाटी मुकादमाला गेली अन् आयुष्यात पहिल्यांदा मी आखाजीचा रस वाढला.

तिथंच कठड्यावर उन्हात बसलो होतो. कातडी वाळत होती, कोणी पाहत नव्हतं. पाहून झालं होतं त्यांचं. पण घडीखाली ओल राहिल्यानं सोलवटलेल्या जागी आग होत होती. कशासाठी कापायचं, त्याचं उत्तर तेव्हा सुचलं. ते दहा जणांपैकी कोणाकडंच नव्हतं, रोज सकाळी सुती लुगड्याचा तुकडा घेऊन बसणाऱ्या बाईकडं होतं.

"काऊन बे," मुकादम वाटी चाटत म्हणाला, "कापनार का आता?"

"पोटाचं करतो. दंडाचं राहू दे. फडफडलं त फडफडू दे, ट्रकवाल्यायले सवय झाली."

घरी सांगितलं तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "मंग डबी काढा." मी काढून दिली. आज एकोणीस दिवस झाले. पहिले चार दिवस मी इतका चिडका होतो की घरातला पंखासुद्धा मला विचारून फिरायचा.

वजन असंच टिकलं तर पावसाळ्यात, बाजार थंड असतो तेव्हाची तारीख देतो म्हणाले डॉक्टर. फोनवर मी सगळ्याला हो म्हणालो, फक्त एक अट घातली. जे काही निघेल ते माझ्यासमोर मोजायचं, बारदान वजा करून.

"अहो, तुम्हाला तेव्हा भूल दिलेली असेल," डॉक्टर म्हणाले.

"मग माझी बायको उभी राहील काट्याजवळ."

तिनं माझ्या हातातून फोन घेतला. "राहीन उभी, साहेब," ती म्हणाली. "अन् कोनी टेकनार नाई, तेही पाहीन."