शेवटचं ताट वाढेपर्यंत

तक्रारदार मी होतो, आणि तक्रारीची चौकशी करणाऱ्या समितीचा अध्यक्षही मीच होतो. यात काही गैर आहे, असं तेव्हा गावात कुणालाच वाटलं नाही. मला तर मुळीच नाही.

आमचं गाव हिंगोलीकडच्या गोरेगावपासून जीपने पाव तासावर. मी हिंगोलीच्या एका दैनिकाला बातम्या देतो. मुलगी मुक्ता गावातल्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीला आहे. पालकांपैकी लिहिणारा माणूस म्हणून शाळा व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपद माझ्याकडे आलं. (लिहिणारा माणूस विचारही करत असेल, असा गावाचा समज आहे. तो मी मोडलेला नाही.)

एका रविवारी दुपारी मुक्ता ताटावर बसली. भाकरीला हात न लावता तिने डोळे मिटले, हात जोडले, आवाज न करता ओठ हलवले. मग एक डोळा उघडून सगळ्यांची ताटं वाढली आहेत का ते पाहिलं आणि जेवायला लागली.

"दत्ता," आई म्हणाली, "हे पोरगं काय करून राहिलं?"

"डोळे मिटून राहिलं."

"ते मलाबी दिसतं. काहून?"

काहून, ते मला माहीत नव्हतं. आईला होतं. मुक्ताच्या वर्गशिक्षिका साळवे मॅडम ख्रिश्चन आहेत, माहेर जालन्याकडचं, आणि शाळेत खिचडी खाण्याआधी त्या डोळे मिटतात, ही माहिती आमच्या गावात नळाच्या पाण्यापेक्षा नियमित पोचली होती.

"पोरगी बाटली," आईने निकाल दिला आणि माझ्या ताटात आणखी वांगं वाढलं.

एका सूत्रावर बातमी द्यायची नाही, ही माझी जुनी शिस्त. मी शेजारच्या दोन घरांत चौकशी केली. दोन्हीकडची लेकरं जेवणाआधी तशीच डोळे मिटत होती. तीन स्वतंत्र सूत्रं झाली! (तिन्ही सूत्रं एकाच वर्गात, एकाच सतरंजीवर बसतात, हे माझ्या नजरेतून सुटलं.)

संध्याकाळी मी अर्ज लिहायला बसलो. विश्वसनीय सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार शासकीय शाळेच्या आवारात विशिष्ट धर्माचे आचरण होत असून पालकवर्गात तीव्र नाराजी आहे, तरी संबंधित शिक्षिकेची तातडीने बदली करावी, असा मजकूर होता. पालकवर्ग म्हणजे आई.

मुक्ता माझ्या खांद्यावरून वाचत होती. "बाबा, विश्वसनीय सूत्र म्हणजे कोण?"

तुला कळायचं नाही, असं मी तिला सांगितलं. वर्षभरापूर्वी हिला स्वतःचं आडनाव धड वाचता येत नव्हतं. आता ती माझा मजकूर जोडाक्षरांसकट वाचत होती. तिला हे कोणी शिकवलं, हा मुद्दा अर्जात नव्हता. आधीचे दोन मास्तर आमच्या रस्त्याला कंटाळून बदली करून गेले, आणि मॅडम मात्र सेनगावहून रोज जीपने येऊन शेवटचा चिखल पायी तुडवतात, हाही नव्हता. जागा कमी होती.

बायकोने, सुनंदाने, अर्ज वाचला. "अहो, पाठवायच्या आधी त्यांना एकदा इचारा तरी," ती म्हणाली.

विचारणं हा प्रक्रियेचा भाग आहे, असं मी तिला समजावलं. शनिवारी बैठक होईल, सोमवारी अर्ज हिंगोलीला शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाईल. विचारणं आणि पाठवणं यांचा एकमेकांशी काही संबंध असतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

शनिवारी शाळा सकाळची. बैठक व्हरांड्यातच घेतली, म्हणजे चौकशी घटनास्थळी होईल. हेडमास्तर गुरुजी होते, चार सदस्य होते आणि आई होती. आई सदस्य नाही. हे तिला सांगण्याची हिंमत असलेला सदस्य आमच्याकडे नाही.

समोर लेकरं ताटं घेऊन रांगेत बसली. खिचडी वाढायला सुरुवात झाली. पुढच्या रांगेतल्यांनी डोळे मिटले. मॅडम अगदी टोकाला, लेकरांच्या ओळीतच मांडी घालून बसल्या आणि त्यांनीही डोळे मिटले. शेवटच्या ताटात खिचडी पडली. सगळे डोळे उघडले. जेवण सुरू झालं. एवढंच.

जेवणं झाल्यावर मी अर्ज मोठ्याने वाचला. मॅडमनी तो उभं राहून, पूर्ण, मध्ये एक शब्द न बोलता ऐकला. माझं लिखाण इतक्या लक्षपूर्वक आजवर कुणी ऐकलेलं नाही.

"मॅडम, तुम्ही मुलांना तुमची प्रार्थना शिकवता?"

"नाही, अध्यक्षसाहेब."

"मग हे काय आहे?"

मॅडमनी सांगितलं. पुढची पोरं मागच्यांना वाढायच्या आत उरकायची आणि पुन्हा ताट पुढे करायची. मागच्या लेकरांना बुडाची करपलेली खिचडी यायची. म्हणून त्यांनी नियम केला, शेवटचं ताट वाढेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. पण समोर गरम खिचडी ठेवून तिसरीचं पोरगं थांबणार कसं? एक दिवस पोरांनी मॅडमना डोळे मिटताना पाहिलं. त्यांनीही मिटले. थांबणं सोपं झालं.

"आणि डोळे मिटून तुम्ही काय म्हणता?"

"ते माझ्या घरचं आहे," त्या म्हणाल्या. "वर्गात मी ते मोठ्यानं म्हणत नाही. पोरांनी विचारलं, तर मी सांगितलं, आपल्या घरी जेवणाआधी काय म्हणतात ते घरी विचारून या आणि तेच मनात म्हणा. शाळा सगळ्यांची आहे."

गुरुजींनी पोरांनाच विचारायचं ठरवलं. शेजारच्या गणेशला त्याच्या आजोबांनी श्लोक शिकवला होता. शबाना बिस्मिल्ला म्हणत होती. मग मुक्ता उभी राहिली. आई पुढे सरकून बसली.

"मी म्हणते, देवा, आज वांगं नको."



"हे तुला कुणी शिकवलं?" मी विचारलं. वकील जो प्रश्न उत्तर माहीत असल्याशिवाय विचारत नाहीत, तो हा.

"कुणीच न्हाई. मी तुमाला इचारलं होतं, आपल्या घरी काय म्हणतात. तुमी मोबाइल पाहून राहिले होते. तुमी म्हणले, काई म्हणत न्हाईत, गप जेव."

आईने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन छापण्याजोगं नाही. मग ती नातीकडे वळली. "अगं, मग मला काहून न्हाई इचारलं?"

"तूच तर वांगं करतीस!"

समिती हसली. अध्यक्षाने हसायचं नसतं. मी मूळ मुद्द्यावर आलो. प्रश्न वांग्याचा नसून शासकीय आवारातल्या धार्मिक आचरणाचा आहे, असं मी म्हणालो आणि ठामपणासाठी खांबावर हात मारला. खांबाला बांधलेला केळीचा वाळका खुंट सुटून माझ्या अर्जावर पडला.

खुलासा करणं भाग आहे. महिनाभरापूर्वी शाळेला पाण्याची नवी टाकी मिळाली. त्यानिमित्त याच व्हरांड्यात, शाळेच्या वेळात, सत्यनारायण झाला होता. ठराव माझा. पूजेला बसलेलं जोडपं, मी आणि सुनंदा. त्या दिवशी मॅडमनी पोरांना रांगेत बसवून शेवटच्या लेकरापर्यंत प्रसादाचा शिरा पोचतो की नाही ते पाहिलं होतं. पूजेबद्दल त्या तेव्हा काही बोलल्या नव्हत्या.

आताही बोलल्या नाहीत. त्यांनी खुंट उचलून बाजूला ठेवला, अर्जावरची धूळ झटकली आणि तो अदबीने माझ्या हातात परत दिला. पत्रकारितेत मी अनेक सडेतोड उत्तरं ऐकली आहेत. इतकं सडेतोड एकही नव्हतं.

ठराव काय लिहायचा, असं गुरुजींनी विचारलं. तो आईने सांगितला.

"मॅडम, तुमी कुठं जायचं न्हाई. बदलीच करायची असल तर ह्याची करा."

ठराव एकमताने मंजूर झाला. इतिवृत्त मलाच लिहावं लागलं. अर्जाची मागची बाजू कोरी होती. त्यावर मुक्ता आता शुद्धलेखन करते.

घरीही नियम लागू झाला आहे. शेवटचं ताट वाढेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. शेवटचं ताट सुनंदाचं असतं, आणि लग्नाला बारा वर्षं होऊनही ते मी कधी गरम पाहिलं नव्हतं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. बातमी घरात होती. वार्ताहर मोबाइल पाहत होता.

आईने मुक्ताला श्लोक शिकवला आहे. मुक्ता तो खणखणीत म्हणते. तिची जुनी प्रार्थना मोकळी पडली होती, ती मी घेतली. रोज डोळे मिटून मनोभावे म्हणतो, आणि डोळे उघडल्यावर ताटात वांगंच असतं. तीन स्वतंत्र सूत्रांनी याला दुजोरा दिला आहे.